चित्ररथातली प्रकाशाची तलवार फिरवली की विझते: दोष कुठे शोधायचा

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी सुरू झाली की दरवर्षी हाच प्रश्न नव्याने येतो. टेबलावर ठेवलेली तलवार तासभर झकास पेटते. कलाकाराच्या हातात दिली आणि त्याने एक वार केला की पातं विझतं, नाहीतर लुकलुकतं, नाहीतर पांढऱ्याचं तांबूस होतं. मग मंडळातली पोरं येऊन सांगतात, "दादा, फिरवल्यावर बंद पडूलालंय बघ." पहिला संशय कोडवर घेतात, दुसरा बोर्डावर, म्हणजे मुठीतल्या ज्या छोट्या सर्किटात ते कोड चालतं त्यावर. नवा बोर्ड येतो, दोन दिवस बरे जातात आणि रंगीत तालमीच्या दिवशी पुन्हा तेच.

बोर्ड बदलल्यावर दोन दिवस बरं चाललं, यातच खरं कारण दिसतं. बोर्ड बदलताना सगळे कनेक्टर काढून पुन्हा दाबून बसवले जातात, सेल पुन्हा चार्ज होतो. सुधारणा त्यामुळे होते. दोष जवळपास नेहमी सेल ते पातं या वाटेवरच्या एखाद्या सांध्यात असतो, आणि तो सांधा तसाच राहिलेला असतो.

ही तलवार सुट्या भागांची आहे म्हणूनच ती आपल्याला परवडते. मूठ उद्यमबागेतल्या लेथवर अॅल्युमिनिअमच्या पाइपातून काढून घेता येते. आत सेलची फळी, स्विच, बोर्ड. पुढे पातं जोडायचा कनेक्टर. पातं वेगळं, म्हणजे तुटलं तर तेवढंच बदलायचं. भवानी माता महाराजांना तलवार देते त्या प्रसंगाला सरळ पात्याची धोप शोभते, आणि एलईडीच्या पट्टीलाही सरळ पातंच सोयीचं पडतं. पण जितके सुटे भाग तितके सांधे, आणि वीज त्या प्रत्येक सांध्यातून जाऊन येते. जाणारी तार आणि परत येणारी तार, दोन्ही मोजायच्या.

आधी नक्की काय होतंय ते बघा

"बंद पडतं" या एका तक्रारीखाली चार वेगळे आजार असतात. ते वेगळे केल्याशिवाय हत्याराला हात लावू नका.

पहिली गोष्ट, बोर्ड रीस्टार्ट होतोय का हे ओळखायची सोय कोडमध्ये करून ठेवा. चालू होताना पात्याच्या मुळाशी असलेले पहिले तीन एलईडी एक सेकंद निळे लागू द्या, मगच पुढचा खेळ सुरू होऊ दे. एवढ्या दोन ओळींनी अर्धा शोध संपतो. वार केल्यावर पातं विझलं आणि परत येताना तो निळा दिसला, तर बोर्डाचीच वीज तुटली होती, हा पहिला प्रकार. पातं नुसतं लुकलुकलं पण खेळ जिथे होता तिथूनच पुढे चालू राहिला, तर बोर्ड जागा होता, वीज किंवा डेटा (कुठल्या एलईडीने कुठला रंग लावायचा हे सांगणारा सिग्नल) पात्याकडे जाताना तुटला, हा दुसरा. ईएसपी३२ हा बोर्ड वापरत असाल तर लॅपटॉपला जोडून सिरियल मॉनिटर, म्हणजे बोर्ड पाठवतो तो मजकूर दाखवणारी खिडकी, बघा. 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ आली तर व्होल्टेज पडल्यामुळे त्याने स्वतःला रीस्टार्ट केलंय, कोड चुकल्यामुळे नाही.

तिसरा प्रकार: पातं पूर्ण विझतं आणि विझलेलंच राहतं. स्विच बंद करून पुन्हा चालू केला की येतं. करंट जास्त झाला की सेलची वाट तोडणाऱ्या संरक्षण सर्किटचा हा विषय आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

चौथा: विझत नाही, पण मुळाशी पांढरं आणि टोकाशी पिवळट-तांबडं दिसतं. लाल एलईडीला पेटायला साधारण २ व्होल्ट पुरतात. हिरव्या-निळ्याला ३ च्या वर लागतात. व्होल्टेज कमी पडायला लागलं की निळा आधी मंदावतो, मग हिरवा, आणि शेवटी लाल उरतो. म्हणून टोकाचा तांबूस रंग हा व्होल्टेज गळतंय याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे. रंग बिघडला म्हणून पट्टी खराब ठरवू नका.

आणखी एक सोपी परीक्षा. पूर्ण पातं फक्त लाल लावा, मंद ठेवा आणि हवं तसं फिरवा. लाल स्थिर राहिलं आणि पूर्ण पांढरं लावल्यावरच त्रास झाला, तर प्रश्न करंटचा आहे. मंद लालसुद्धा फिरवताना तुटत असेल तर कुठेतरी तार किंवा संपर्क सरळ सुटतोय. तिथे हिशोब करायची गरज नाही, हाताने शोधायचं.

करंटचा हिशोब

डब्ल्यूएस२८१२बी या पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा लागला की जुन्या हिशोबाने ६० मिलीअँपिअर घेतो. हल्लीच्या बऱ्याच पट्ट्यांत थोडा कमी. पातं ९० सेंटिमीटर, पट्टी मीटरला ६० एलईडीची, दोन्ही बाजूंनी लावली म्हणजे १०८ एलईडी. कागदावर हे साडेसहा अँपिअर होतात. एका सेलच्या व्होल्टेजवर आणि नव्या पट्टीत प्रत्यक्षात तीन-चार अँपिअर जातात. तरीही हा खेळण्यातल्या दिव्याचा करंट नव्हे, आणि आपण तो खेळण्यातल्या तारांतून न्यायला बघतो.

दुकानात हुकअप वायर मागितली की ७/३६ ही बारीक तार मिळते. ती डेटाला उत्तम. मुठीपासून पात्यापर्यंत जाणारी-येणारी मिळून ६० सेंटिमीटर तार धरली तर ५ अँपिअरला तिच्यातच पाव व्होल्ट जातो. तीच वाट २३/७६ या जाड वायरने केली तर ०.०८ व्होल्ट. स्विचबोर्ड बसवणारे वायरमन ही वायर घरगुती कामाला वापरतात, कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मीटरवर मिळते. वीजपुरवठ्याच्या दोन तारा त्याच्याच घ्या.

मिलीव्होल्ट मोजा, सांध्यागणिक

मंडळातल्या एकातरी पोराच्या हाताला ही सवय लागावी असं मला मनापासून वाटतं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

लोक काय करतात, सेल काढून मीटरला लावतात, ४.१ व्होल्ट दाखवतो, "सेल चांगला आहे" म्हणून पुढे जातात. करंट वाहत नसताना घेतलेलं माप काहीच सांगत नाही. अर्धवट तुटलेल्या तारेचा एकच तंतू शिल्लक असला तरी बिनलोडचं व्होल्टेज पूर्ण दिसतं. पातं पूर्ण पांढरं लावून ठेवा आणि मग मोजा.

मीटर २ व्होल्ट किंवा २००० मिलीव्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. आता एक प्रोब एका सांध्याच्या अलीकडे आणि दुसरा त्याच सांध्याच्या पलीकडे लावा. म्हणजे स्विच तपासायचा तर स्विचच्या दोन पायांवर. कनेक्टर तपासायचा तर मुठीकडच्या सोल्डरच्या टाक्यावर एक आणि पात्याकडच्या त्याच तारेच्या टाक्यावर दुसरा. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज त्या एका सांध्यात वाया जातंय. नीट बसलेल्या सांध्यात तीन-चार अँपिअरला २०-३० मिलीव्होल्टच्या आत येतं. १०० च्या वर गेलं की तो सांधा संशयित. ३००-४०० दिसले तर शोध संपला, तिथे ०.१ ओमचा अडथळा आहे आणि तो तापतोय. बोट लावून बघा, कोमट लागेल.

असं सेलपासून सुरू करून पुढे जा: सेलचं टोक ते होल्डरची पत्री, पत्री ते तार, फ्यूज, स्विच, संरक्षण सर्किट, कनेक्टर, पट्टीचा पहिला टाका. मग परतीच्या काळ्या तारेवर हेच सगळं उलट. काळी तार विसरू नका. लाल तारेवर सगळे प्रेमाने टाके घालतात आणि दोष काळीवर सापडतो.

हे करत असताना दुसऱ्याने पातं हलकेच आडवं दाबावं, मूठ पिरगाळावी. आकडा स्थिर राहिला पाहिजे. तो २० वरून १५० वर उडी मारत असेल, तर वार करताना तिथे काय होतं ते सांगायला नको. फार क्षणिक खंड मीटरला पकडता येत नाही. तेव्हा सेल काढा, मीटर बीपवर ठेवा, एक प्रोब सेलच्या पत्रीवर आणि दुसरा पट्टीच्या त्याच तारेच्या टाक्यावर लावा, आणि तलवार हलवा, झटके द्या. बीप तुटली की कान सांगतात. लाल तार तपासताना स्विच चालू ठेवायला विसरू नका, आणि वाटेत मॉस्फेट (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) असेल तर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगवेगळा तपासा.

सापडणारे दोष

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो पट्टीसोबत फुकट येणारा तीन तारांचा प्लास्टिकचा कनेक्टर. लाल, हिरवी, पांढरी तार असलेला, पट्टीच्या दोन्ही टोकांना लावूनच येतो. हा जेएसटी-एसएम जातीचा असतो आणि त्याची क्षमता ३ अँपिअरची. तीही नव्या, अस्सल मालाची. आपण त्यातून चार अँपिअर नेतो, शंभर वेळा काढ-घाल करतो, आतली पत्री सैल होते, तापते, आणखी सैल होते. पातं सुटं ठेवायचं असेल तर वीज वेगळ्या कनेक्टरने न्या. ड्रोन आणि रिमोटच्या विमानांत वापरतात तो एक्सटी३० यासाठी उत्तम, १५ अँपिअर सतत झेपतो आणि आकाराने मुठीत बसतो. डेटासाठी तो छोटा तीन तारांचा राहू दे, फक्त त्यातली लाल तार वापरू नका. डेटाजवळून एक काळी, म्हणजे परतीची तार (या कनेक्टरात ती पांढरी असते) मात्र जोडलेली ठेवा.

स्प्रिंगच्या पिनांचा कनेक्टर वापरणारेही आहेत. पातं सरळ आत सरकवलं की जोडलं जातं, दिसायला देखणं. पण त्यातली एक बारीक पिन एक-दोन अँपिअरचीच असते, त्यामुळे लालला किमान तीन-चार आणि काळ्याला तेवढ्याच पिना हव्यात. शिवाय पातं आत-बाहेर किंचितही हलता कामा नये. एका स्क्रूवर धरलेलं पातं हलतं. १२० अंशांवर तीन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे बारीक स्क्रू) मारून घ्या, लेथवाल्याला सांगितलं की तो तिथेच ड्रिल-टॅप करून देतो.

दुसरा दोष सेलच्या होल्डरचा. १८६५० सेल, म्हणजे आपण वापरतो तो लिथियमचा गोल सेल, ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तलवार फिरली की तो टोकाकडे फेकला जातो. होल्डरची स्प्रिंग पात्याच्या बाजूला असेल तर सेल स्प्रिंग दाबून पुढे सरकतो आणि मागचा पक्का संपर्क सुटतो, नेमका वार जोरात असताना. म्हणून स्प्रिंग नेहमी मुठीच्या मागच्या टोकाला, म्हणजे झाकणाच्या बाजूला ठेवा. फेकला गेलेला सेल मग पुढच्या पक्क्या पत्रीवर आणखी घट्ट बसतो. हा बदल करायला एक पैसाही लागत नाही, फळी फक्त उलटी बसवायची आणि तारांची लाल-काळी नव्याने तपासायची. स्प्रिंग मऊ पडली असेल तर सेलच्या मागे फोम कोंबण्यापेक्षा स्प्रिंगच बदला. सगळ्यात पक्कं काम म्हणजे निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्ड करून घेणं. इलेक्ट्रिक सायकल-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मशीन असतं. सेलवर सरळ सोल्डरिंग गन टेकवू नका, आतल्या सीलला आणि रसायनाला ती उष्णता सोसत नाही.

सेल स्वतःच दमलेला असू शकतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्त पडतात, पण त्यांचा आतला अडथळा वाढलेला असतो. चार अँपिअर ओढले की सेलच्या टोकावरच ३.९ चे ३.४ होतात. हे ओळखायला तीच पद्धत: पातं बंद असताना सेलचं व्होल्टेज बघा, पूर्ण पांढरं लावून बघा. फरक ०.२-०.३ च्या आत हवा. कव्हरवर ९९०० एमएएच छापलेले सेल घेऊ नका. या आकारात चांगल्यातला चांगला सेलसुद्धा ३५०० च्या आसपास असतो. हातात घेऊन वजन करा, ४० ग्रॅमच्या खाली भरला तर आत माल कमी आहे. दोन सेल समांतर जोडणार असाल तर एकाच कंपनीचे, एकाच वयाचे आणि जोडायच्या क्षणी एकाच व्होल्टेजवर असलेलेच जोडा.

स्विचबद्दल थोडक्यात: खेळण्यातला बारीक सरकता स्विच अर्ध्या अँपिअरचा असतो. ६ अँपिअरचा रॉकर बसवा.

पूर्ण विझून विझलेलंच राहिलं तर

टीपी४०५६ चा छोटा चार्जिंग बोर्ड सगळेच वापरतात. त्यावर संरक्षणाची चिप असते आणि ती साधारण ३ अँपिअरच्या आसपास वाट तोडते. पांढरं पूर्ण लावलं की तोडली, आणि लोड काढेपर्यंत परत जोडत नाही. टेबलावर रंग फिरताना करंट कमी असतो म्हणून काही होत नाही. देखाव्यात देवी तलवार देते त्या क्षणी पातं एकदम लखलखीत पांढरं करायचं असतं, आणि तिथेच अंधार होतो.

यावर काही जण ती चिपच बगल देऊन सेलची तार सरळ पात्याला जोडतात. कृपा करून हे करू नका. ही तलवार बहुतेक वेळा लहान मुलाच्या हातात असते, मूठ धातूची असते, आणि आत लिथियमचा सेल असतो. आठ-दहा अँपिअरचं एक सेलसाठीचं वेगळं संरक्षण सर्किट मिळतं, ते घाला, आणि सेलच्या अगदी जवळ लाल तारेवर गाडीत असतो तसला ७.५ अँपिअरचा पत्रीचा फ्यूज घाला. सेलचं बाहेरचं सगळं आवरण निगेटिव्ह असतं, पॉझिटिव्हच्या टोपीभोवतीची कडसुद्धा. प्लास्टिकचं कव्हर जिथे फाटलं तिथे अॅल्युमिनिअमच्या मुठीला टेकलं की शॉर्टची तयारी झाली. टोपीवर कागदी रिंग आणि मुठीच्या आत पूर्ण लांबीची पीव्हीसी नळी, हे दोन्ही असल्याशिवाय मूठ बंद करू नका.

कोडमध्ये चमक मर्यादित ठेवली तर अर्धे दोष डोकंच वर काढत नाहीत. फास्टएलईडी आणि डब्ल्यूएलईडी या पट्टी चालवायच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये कमाल मिलीअँपिअर ठरवून द्यायची सोय आहे. ३००० ठेवा. रात्री रामदेव गल्लीत उभ्या माणसाला पूर्ण चमक आणि निम्मी चमक यातला फरक फारसा कळत नाही, डोळ्याला निम्मी वीज निम्मा उजेड वाटत नाही.

बोर्डच रीस्टार्ट होत असेल तर

निळा दिसतोय, सांधे सगळे २० मिलीव्होल्टच्या आत आहेत, तरी वार केला किंवा पांढरं लावलं की बोर्ड पुन्हा सुरू होतो. आता बोर्डावरचा रेग्युलेटर, म्हणजे आलेलं व्होल्टेज ३.३ वर उतरवणारी चिप, बघा. ईएसपी३२ च्या बऱ्याच स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ असतो. त्याला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा साधारण १.१ व्होल्टने जास्त लागतं. म्हणजे ३.३ द्यायला ४.४ हवेत, आणि आपला सेल पूर्ण भरलेला असतानाच ४.२ देतो. सेल ३.७ वर आला की बोर्डाला २.६ मिळतात. त्यात पांढऱ्याच्या झटक्याने आणखी थोडं पडलं की ब्राउनआउट. संध्याकाळी नीट चालणारी तलवार मध्यरात्रीनंतर का कुरकुरते, त्याचं उत्तर इथे आहे.

उपाय असा: सेलपासून पट्टीला सरळ वीज द्या, आणि फक्त बोर्डासाठी एमटी३६०८ चा छोटा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारा) ५ व्होल्टवर लावून बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडा. पूर्ण पट्टी या बूस्टवर चालवायचा मोह होतो. त्याला ते झेपत नाही, आणि सेलकडून उलट जास्त करंट ओढला जातो. बूस्टच्या आधी एक १एन५८१९ शॉट्की डायोड (वीज उलटी जाऊ न देणारा) आणि त्यानंतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर काही मिलिसेकंदांचा खंड बोर्डाला जाणवत नाही. हा आधार आहे, सैल सांध्यावरचा इलाज नाही. अडीच सेकंदांच्या खंडाला असा कपॅसिटर पुरा पडणार नाही.

पट्टी सेलवर सरळ चालवण्याचा एक फायदा डेटालाही होतो. पट्टीला डेटाची 'एक' ओळखायला तिच्या पुरवठ्याच्या ७० टक्के व्होल्टेज लागतं. ५ व्होल्टवर ते ३.५ होतं आणि ईएसपी३२ देतो ३.३, म्हणजे चाललं तर नशीब. ४.२ वर तेच २.९४ होतं आणि ३.३ आरामात पुरतं. डेटाच्या तारेत पट्टीजवळ ३३० ते ४७० ओमचा रेझिस्टर असू द्या. अचानक भलतेच रंग उमटणं, मधले दिवे वेडेवाकडे लुकलुकणं हे बहुधा डेटाजवळची काळी तार सुटल्याचं लक्षण असतं.

पातं अर्ध्यापर्यंतच पेटत असेल तर

डब्ल्यूएस२८१२बी मध्ये डेटा एका एलईडीतून पुढच्यात जातो. एक मेला की त्याच्या पुढचे सगळे गप्प. दोष शेवटच्या पेटणाऱ्यात असतो किंवा पहिल्या न पेटणाऱ्यात, दोन्ही बदला.

पण त्याआधी पट्टीच्या पाठीवरून बोट फिरवा. पाच मीटरच्या रिळात कारखान्यातच दर अर्ध्या मीटरवर जोड दिलेला असतो. तांब्याचे तीन ठिपके एकमेकांवर ठेवून सोल्डर केलेले, वर थोडा फुगवटा. ९० सेंटिमीटरच्या पात्यात असा एकतरी जोड येतोच, आणि पातं वाकलं की सगळा ताण त्या कडक जागेवर येतो. ठिपका कागदासारखा उचलला जातो, सरळ असताना टेकतो, वाकला की सुटतो. पट्टी पात्यात घालण्याआधीच या जोडावर ७/३६ च्या तीन बारीक तारांचे पूल घाला, थोडी ढील ठेवून. आणि पुरवठ्याची लाल-काळी जोडी पात्याच्या कण्यातून टोकापर्यंत नेऊन पट्टीला शेवटीही जोडा. टोकाचा तांबूसपणा यानेच जातो.

तार तुटते ती टाक्यात नाही, टाक्याच्या लगेच मागे, जिथे सोल्डर शोषलेला कडक भाग संपून मऊ तंतू सुरू होतात. तिथे आधार हवा. ग्लू गनचा गोंद मे महिन्याच्या उन्हात ट्रॉलीवर ठेवलेल्या धातूच्या मुठीत मऊ पडतो, तिथे न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं.

पात्यासाठी पाटीवाल्यांकडचं दुधी अॅक्रिलिक उजेड सुरेख पसरवतं, पण आपटलं की तडकतं. ढालीवर वार होणार असेल तर पॉलिकार्बोनेट घ्या.

वळीव आणि वर्षभराची पेटी

मिरवणूक वैशाखातली, म्हणजे वळवाचा पाऊस कधीही. पात्याचं मूळ आणि मुठीचं झाकण इथे रबरी ओ-रिंग बसवा, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस थोडंसं. भिजलेली तलवार हलवून पाणी झाडू नका, आधी सेल काढा.

दरवर्षी तोच दोष नव्याने येण्याचं एक कारण इथल्या पावसाळ्यात आहे. मिरवणूक संपली की तलवार मंडळाच्या खोलीत पेटीत जाते आणि पुढच्या वर्षीच बाहेर येते. मधले चार महिने बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत पितळी पिना काळवंडतात, तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवा थर चढतो. गेल्या वर्षी २० मिलीव्होल्ट दाखवणारा सांधा या वर्षी २०० दाखवतो. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसा. सोनेरी मुलामा असलेल्या पिनांना पॉलिश पेपर लावू नका, मुलामा गेला की त्या लवकर गंजतात.

मिरवणुकीच्या रात्री ट्रॉलीवर एक चार्ज केलेला जादा सेल प्लास्टिकच्या डबीत, एक जादा फ्यूज, एक ॲलन की आणि मीटर असू द्या. खिशात सुटा सेल आणि किल्ल्या एकत्र कधीच नको. पातं विझलं तर आधी स्विच बंद-चालू करा, आलं तर संरक्षण सर्किटने तोडलं होतं, चमक कमी करा. नाही आलं तर फ्यूज बघा, मग सेल बदला. मूठ हाताला गरम लागली तर लगेच तलवार मुलाच्या हातातून घ्या, सेल बाहेर काढा आणि मोकळ्या जागी ठेवा, त्या रात्री तो सेल पुन्हा वापरू नका.

घरी आल्यावर सेल मुठीतून काढून ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या डबीत ठेवा, पूर्ण भरून ठेवू नका. तलवारीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि गणपतीच्या आधी एकदा पेटी उघडून पूर्ण पांढऱ्यावर सगळे सांधे मोजून आकडे झाकणाच्या आत लिहून ठेवा.